गुरुवारचा परवलीचा शब्द

झेलिनोचा मठ
शनिवार, दुपार

प्रिय एर्डमान,

सहा महिन्यांपूर्वी तू घरातल्या सगळ्यांना कळवलंस की योआखिमचं नाव यापुढे तुला लिहिलेल्या पत्रांत कोणी काढायचं नाही. बाकीच्यांनी ते पाळलं. मीही पाळलं, कारण लढाई चालू असताना सेनापतीच्या मागे घरची कटकट नको, असं मला उगाच वाटत होतं. आजचं पत्र मात्र पहिल्या ओळीपासून त्याच्याबद्दलच आहे. तेव्हा दार लाव, तुझ्या त्या चिटणीसाला बाहेर पाठव आणि बैस. उभ्याने वाचू नकोस. उभा असलास की तू हुकूम द्यायला लागतोस, आणि हुकूम देताना तुला दुसऱ्याचं काही ऐकू येत नाही.

आपला धाकटा योआखिम माझ्याकडे आहे. जिवंत आहे, हे आधी सांगून टाकते. येत्या गुरुवारनंतरही तो जिवंत राहावा म्हणून हे लिहितेय, आणि ते सर्वस्वी तुझ्या हातात आहे. कसं, ते आत्ताच लिहिलं तर तू तेवढंच वाचशील, चार ओळींचा हुकूम सोडशील आणि मोकळा होशील. तेवढ्याने भागणार नाही, म्हणून आधी बाकीचं वाचावं लागेल. ग्रोटे, आपल्या योआखिमचा म्हातारा सेवक, खाली घोड्याला नाल मारून घेतोय. तेवढाच वेळ माझ्याजवळ आहे. एवढं लिहीपर्यंत मी तीनदा उठून खिडकीशी जाऊन आले. ओडर नदीवरचा बर्फ फुटायला लागलाय, त्याचा आवाज झाला की मला वाटतं घोडा निघाला.

बाबांच्या वेळची न्याहारी तुला आठवत असेलच. थोरल्या पातीकडे राज्य गेलं, आपल्या वाट्याला पलटणी आणि ताठा आला, असं आई म्हणायची. तो ताठा बाबांनी घरात कवायत घेऊन जोपासला. रोज सकाळी तुम्ही दोघं टेबलापाशी उभे. बाबा वाकून तुझ्या कानात त्या दिवसाचा परवलीचा शब्द सांगायचे, तू तो योआखिमच्या कानात सांगायचास आणि त्याने तो मोठ्याने म्हणायचा. बरोबर आला तर बिअरचं गरम सूप, चुकला तर खुर्चीमागे उभं राहून दुसऱ्यांचं खाणं बघायचं. मी मुलगी, रांगेबाहेरची, त्यामुळे माझं सूप कधी चुकलं नाही. पण रांगेबाहेरून ओठ दिसतात, एर्डमान. बाबांनी 'मागडेबुर्ग' सांगावं आणि तू त्या पोराच्या कानात 'ब्रेस्लाऊ' म्हणावंस, हे मी एकदा नाही, चांगलं पाचसहा वेळा पाहिलं. तू दहा वर्षांचा होतास, तो सहा. तो खणखणीत आवाजात चुकीचा शब्द म्हणायचा, आधी बाबांकडे बघायचा, मग तुझ्याकडे, आणि गपचूप खुर्चीमागे जाऊन उभा राहायचा. तुझं नाव त्याने कधी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. सूप गरम होतं आणि मला भूक लागलेली असायची, याहून मोठं कारण माझ्यापाशी नाही. दुपारी मी त्याला माझ्यातला पाव नेऊन द्यायचे, तो खायचा आणि तुझ्याबरोबर खेळायला पळायचा.

बाबांनी तुलाही कमी छळलं नाही, हे मला ठाऊक आहे. पाहुण्यांसमोर ते म्हणायचे, थोरल्याकडे नाव आहे पण घोड्यावर बसावं ते धाकट्याने. तू हसायचास आणि मग तबेल्यामागे जाऊन रडायचास. मी एकदा तिथे आले तेव्हा तू मला दगड मारलास. माझ्या कोपरावर त्याची खूण अजून आहे, आणि त्याचा राग मला कधीच आला नाही. पुढे शिपाई योआखिमच्या नावाने गाणी म्हणायला लागले आणि तुझ्या नावाने नुसती सलामी द्यायला लागले, तेव्हा तुझ्या मनात काय होत असेल ते मला या मठात बसून कळत होतं. भाऊबंदकी काही एका दिवसात उगवत नाही. आपल्याकडे तर तिला रोज सकाळी खतपाणी होतं.

सप्टेंबरातली हकीकत मला आधी बाहेरच्यांकडून कळली. बोहेमियातून माघार चालली होती. मुख्य सैन्य घेऊन तू पुढे होतास, सहा हजार माणसांनिशी योआखिम मागे. तो लोबेनाऊ गावात दोन दिवस थांबून राहिला, तेवढ्यात ऑस्ट्रियनांनी पुढची खिंड धरली. नऊशे माणसं गेली, अकरा तोफा गेल्या, पूल बांधायच्या नावा एकूण एक गेल्या. बर्लिनला कोणाचं तरी नाव हवं होतं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कुरणात तू रिंगण भरवलंस. टोप्या काढून सगळे अधिकारी उभे, तू एकेकाच्या कानात शब्द सांगत फिरलास, आणि योआखिमपाशी आल्यावर त्याला ओलांडून त्याच्या पलीकडच्या कर्नलच्या कानाशी वाकलास. तो हातात टोपी घेऊन तसाच उभा राहिला. मग सर्वांदेखत तू त्याला विचारलंस की लोबेनाऊत का थांबलास, आणि तो एवढंच म्हणाला की पावाच्या गाड्यांची वाट बघत होतो. त्यावर तू जे बोललास ते मला तिघांनी वेगवेगळं सांगितलं, पण शब्द तेच होते: "पावाची एवढी काळजी असेल तर सिडोनियाच्या मठात जा. तिथे बायकांबरोबर कणीक मळ." काहीजण हसले म्हणे.

तू टोमणा मारलास, त्याने तो हुकूम समजून पाळला. नवव्या दिवशी तो माझ्या दारात उभा होता, आणि दहाव्या दिवशी सकाळी भटारखान्यात जाऊन, बाह्या दुमडून, राय धान्याचं पीठ मळत होता. ट्रीने नावाची आमची भटारीण घाबरून माझ्याकडे धावत आली. मी खाली गेले तर हा कोपरापर्यंत पिठात. मी म्हटलं, हे काय चालवलंस? तो म्हणाला, "हुकूम आहे, सिडो." चेष्टेने म्हणाला असता तर मी हसले असते. दोन दिवस ट्रीनेने ते पाहिलं, मग तिने त्याला सांगून टाकलं की राजपुत्र असाल तुमच्या घरी, पण असा गोळा हाणत बसलात तर भाकरी दगड होईल, जरा मायेने मळा. तो शिकला. नाताळात मठातल्या चौदाही जणींनी त्याच्या हातची भाकरी खाल्ली. फॉन क्लेव्हेनो घराण्यातली आमची म्हातारी हेडविग तर म्हणाली की असा नवरा मिळाला असता तर मी मठात आलेच नसते.

मात्र रोज अकरा वाजता तो हात धुवायचा, गणवेश चढवायचा आणि अंगणात जाऊन दक्षिणेकडे तोंड करून पाव तास उभा राहायचा. टोपी हातात. पाऊस असो, बर्फ असो. त्या वेळी तुझ्याकडे रिंगण भरतं, हे मला सांगायची कोणाला गरज नव्हती. मी खिडकीचा पडदा ओढून घ्यायचे. बघवत नव्हतं.

जानेवारीत त्या अंगणानेच त्याला आडवं केलं. छातीत कफ, अंगात ताप, तिसऱ्या दिवसापासून शुद्ध नाही. डॉक्टर हुफेलांड गावाहून आले, रक्त काढलं, आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले की बाईसाहेब, छातीचं मी बघतो, पण या माणसाला बरं व्हायचं नाहीये, त्यावर माझ्याकडे औषध नाही. खरंच होतं ते. सूप तोंडाशी नेलं की ओठ मिटायचा. आणि सकाळचे अकरा वाजले की तापातसुद्धा उठून बसायचा, हाताने टोपी शोधायचा आणि विचारायचा, "शब्द काय आहे?" पहिल्या दिवशी मी त्याला निजवलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी माझ्याच्याने राहवलं नाही. समोर ताटलीत टेल्टो गावचे सलगम होते. मी त्याच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, टेल्टो. त्याने तो शब्द हळूच पुन्हा म्हटला, उशीवर डोकं टेकलं, आणि मी पुढे केलेलं सूप प्यायला. संपूर्ण वाडगाभर.

मग रोजचं झालं. भिंतीवर जुना नकाशा आहे, त्यावरचं एकेक गाव मी रोज त्याच्या कानात सांगत गेले. चौदाव्या दिवशी त्याला शुद्ध आली आणि त्याने विचारलं की हे शब्द आणतं कोण. तिथे थांबायला हवं होतं. गळ्यात मठाचा क्रूस होता, हातात सुपाचा चमचा होता, आणि मी म्हटलं, एर्डमान पाठवतो. त्याचा स्वार येतो रोज. तेव्हा त्याचा चेहरा कसा झाला ते तू बघायला हवं होतंस, म्हणजे मग तू मला खोटारडी म्हणाला नसतास. तो भिंतीकडे वळला आणि बराच वेळ त्याचे खांदे हलत होते. त्या संध्याकाळी त्याने स्वतःहून खायला मागितलं.

एक खोटं सांभाळायला सगळं घर कामाला लागतं. ग्रोटे रोज पावणेअकराला मागच्या दाराने बाहेर पडायचा, बुटांना चिखल लावायचा आणि पुढच्या दाराने ठणाठण आवाज करत आत यायचा. साठीचा माणूस, गुडघे धरलेले. एकदा त्याने मला विचारलं की बाईसाहेब, हे कुठवर चालवायचं? मी म्हटलं, तो जिना उतरेपर्यंत. एकेचाळीस दिवस हे चाललं आणि तो जिना उतरला. मला वाटलं, जिंकले. आता हळूहळू शब्द बंद करू, म्हणू की रस्ते खराब झालेत.

गेल्या मंगळवारी त्याने बूट मागितले. सोमवारी निघतो म्हणाला. मी विचारलं कुठे, तर माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी आपल्या घरात वाढलेच नाही. "ज्याला शब्द मिळतो तो हजेरीत असतो, सिडो. पाय चालायला लागले आणि तरी मी हजर झालो नाही, तर मी पळपुटा." बाबा, दोन भाऊ, चार काका, सगळे सैन्यात, चाळीस वर्षं मी हेच ऐकत आले, आणि नेमकं हेच मला सुचलं नव्हतं. मी त्याला औषध म्हणून शब्द दिला, आणि त्याच्या हिशेबी तो पहिल्याच दिवशी पलटणीत परत रुजू झाला होता.

प्रवासासाठी त्याचा कोट मी दुरुस्तीला घेतला. अस्तर उसवलं होतं, आणि अस्तराच्या आत एक चिठ्ठी होती. अक्षर तुझं. ते मी अंधारातही ओळखेन. 'पावाच्या गाड्या पोचेपर्यंत लोबेनाऊ सोडू नये. कोणत्याही कारणाने नाही. एर्डमान.' वर तारीख आणि वेळसुद्धा. मी ती सात वेळा वाचली. कोटाची सुई बोटात गेली ते मला नंतर कळलं. म्हणजे रिंगणात तू विचारत होतास तेव्हा तुझं उत्तर त्याच्या छातीशी होतं, हात घालायचा अवकाश. त्याने हात घातला नाही. नऊशे माणसांचं ओझं आणि त्या कणकेचा टोमणा घेऊन तो मुकाट्याने माझ्याकडे आला, आणि इथे सहा महिन्यांत माझ्याजवळसुद्धा एक अक्षर बोलला नाही. तुला तेव्हा काय वाटलं असेल याचा मी खूप विचार केला. तू घाबरलास. सेनापतीपद जाईल, बर्लिनचे लोक म्हणतील की नाव थोरल्याकडे आणि अक्कल धाकट्याकडे. मी ते समजू शकते. माफ करू शकत नाही, निदान आज नाही.

चिठ्ठी माझ्या खिशात होती आणि तेवढ्यात तो आत आला. लांबून येणाऱ्या अधिकाऱ्याला पोचायच्या दिवसाचा शब्द आधी कळवतात, तो आला का, गुरुवारचा, असं त्याने विचारलं. मी संतापाने आंधळी झाले होते. उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, आलाय. लोबेनाऊ.

तो पांढराफटक पडला. खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. मी ते परत घ्यायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "सगळ्या सैन्याला हाच शब्द देणार? एर्डमान? सगळ्यांदेखत?" आणि मग तो हसला. लहानपणी हसायचा तसा, दात दाखवून. मला म्हणाला की एर्डमानला बोलता येत नाही गं, कधीच आलं नाही, म्हणून तो असं सांगतोय. त्या संध्याकाळी मी खरं सांगायला तबेल्यात गेले. तो घोड्याला खरारा करत होता आणि शीळ घालत होता. मी दारात उभी राहिले, थंडी वाजते असं काहीतरी म्हटलं आणि परत आले. दुसऱ्या दिवशीही गेले. आज सकाळीही. मी भित्री नाही, एर्डमान, पण ते मला जमलं नाही आणि जमणारही नाही. जानेवारीतला तो मिटलेला ओठ मी पुन्हा बघणार नाही.

ग्रोटेने हाक मारली, घोडा तयार आहे. तो छावणीत जागा बघायला पुढे जातोय, असं योआखिमला सांगितलंय. मंगळवारी रात्री तो तुझ्यापाशी पोचेल. योआखिम सोमवारी निघून, डॉक्टरांनी आखून दिलेल्या टप्प्यांनी, गुरुवारी दिवेलागणीला नाइसे नदीच्या काठी तुझ्या चौकीसमोर येईल. फेब्रुवारीत शत्रूचे स्वार तुझ्या शिपायांचे झगे घालून एका चौकीत घुसले, तेव्हापासून शब्द चुकला की गोळी घालायची, समोर कोणीही असो, असा हुकूम आहे, आणि तो तुझ्या सहीचा आहे. पहारेकरी विचारेल आणि योआखिम खणखणीत आवाजात म्हणेल, लोबेनाऊ. योआखिम येतोय, त्याला सोडा, एवढं तू चौकीला कळवू शकतोस. त्याने गोळी टळेल. पण मग तो शिपाई म्हणेल, शब्द चूक आहे महाराज, तरी या; आणि योआखिमला तिथल्या तिथे कळेल की तू कधीच काही पाठवलं नव्हतंस. तसा जिवंत ठेवलेला योआखिम मला परत नको, तुलाही नको असेल. म्हणून मागते ते हे: गुरुवारी अकरा वाजता रिंगणात तू लोबेनाऊ हा शब्द दे. अठरा हजार माणसं दिवसभर तो म्हणतील, तुझे कर्नल एकमेकांकडे बघतील, बर्लिनहून कोणीतरी विचारेल की हेच नाव का, आणि तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. तुझी चिठ्ठी सोबत ठेवलीय. नक्कल करून ठेवायचं काल दुपारपर्यंत मनात होतं, केली नाही. आता ती फक्त तुझ्याकडे आहे, जाळायची तर जाळ, ज्याला तिची गरज होती त्याने ती कधी वापरलीच नाही. मला फक्त शब्द हवाय. सेनापती तू आहेस, तो तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला देता येत नाही. मी एकेचाळीस दिवस देऊन पाहिला.

तुझीच,
सिडोनिया